चूल, पुस्तक आणि पक्षकार्य

(खालापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत 'घर, मुले, पुस्तके आणि स्वयंपाक' असा विषय पाहून काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, तर ते स्वाभाविक आहे. जमीन, पाणी, मजुरी, कामगार कायदे, निवडणूक हे राजकारणाचे विषय. चूल हा घरातल्या बाईचा विषय, ही वाटणी स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या मनातही खोल रुजलेली असते. वस्तुतः या वाटणीला छेद देण्याचा एक मोठा प्रयत्न खुद्द लोकसभेतच झाला होता. १९६३ साली राममनोहर लोहिया पोटनिवडणुकीत निवडून आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, देशातील सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सभागृहात मांडले. पंतप्रधान नेहरूंच्या बाजूने उत्तर आले ते पंधरा आण्यांचे. कोणाचा आकडा बरोबर, यावर अर्थशास्त्रज्ञांनी पुढे पुष्कळ शाई खर्च केली. परंतु त्या वादाचे खरे मोल आकड्यात नव्हते. देशाचे उत्पन्न सरासरीत न पाहता माणसाच्या रोजच्या ताटात पाहिले पाहिजे, हा आग्रह तेथे प्रथमच इतक्या ठसठशीतपणे धरला गेला. बाईच्या डोक्यावरचा हंडा, तिच्या डोळ्यांत जाणारा चुलीचा धूर आणि शौचाला अंधाराची वाट पाहण्याची तिच्यावर येणारी पाळी, हे विषय त्याच लोहियांनी जाहीर सभांत बोलून दाखवले, तेव्हा अनेकांना ते अशोभनीय वाटले होते.

खालापुरात हा विषय काढण्यास आणखी एक कारण आहे. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. घाटावरचे पाणी नळांतून खाली आणून निर्माण केलेली ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली आले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे हा प्रदेश मुंबईला वीज पुरवीत आहे. आणि तरीही याच डोंगरांच्या कुशीतील ठाकूर व कातकरी वाड्यांत पुढच्या कित्येक दशकांत बाईने ओले लाकूड फुंकतच भाकरी भाजली. वीज डोक्यावरून गेली. पुढे द्रुतगती महामार्गही याच तालुक्यातून गेला. २००२ साली तो पूर्ण झाला आणि खालापूर हे नाव टोलनाक्यामुळे पुण्यामुंबईच्या मोटारवाल्यांना पाठ झाले. नाक्याच्या दोन्ही बाजूंना माणसे राहतात, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

घर, मुले आणि पुस्तक यांचा विचार करताना शेजारच्या पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा गावाची आठवण अपरिहार्य आहे. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली तेथे झाला आणि त्यांचे बालपण तेथेच गेले. विनोबांच्या आईचे, रुक्मिणीबाईंचे, शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. विनोबांनी आपल्या आठवणींत सांगितलेली फणसाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. घरच्या झाडाचा फणस उतरला की आई प्रथम पानांवर गरे मांडी, ते शेजारच्या घरोघरी मुलाच्या हाती पोचवी आणि मगच घरात खायला बसू देई. दुसरी गोष्ट घरी ठेवून घेतलेल्या गरीब विद्यार्थ्याची. उरलेले शिळे अन्न आई स्वतः खाई किंवा विन्याला वाढी. त्या विद्यार्थ्याला मात्र ताजे. हा भेदभाव कशासाठी, असे मुलाने विचारले, तेव्हा तो परका मुलगा तिला देवासारखा आणि आपला मुलगा मात्र अजून आपलाच वाटतो, ही आसक्ती जाईल तेव्हा भेदही जाईल, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. पुढे बडोद्यास असताना तिने मुलाकडे मराठीत समजेल अशी गीता मागितली. जी मिळाली ती तिला अवघड गेली, तेव्हा तूच का करत नाहीस, असे ती म्हणाली. रुक्मिणीबाई १९१८ साली गेल्या. 'गीताई' १९३० च्या ऑक्टोबरात लिहायला घेतली गेली आणि १९३१ च्या फेब्रुवारीत पुरी झाली.

या गोष्टी भक्तिभावाने सांगितल्या जातात. त्यांच्याकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहणेही शक्य आहे. वाटपाचा पहिला धडा त्या मुलाला स्वयंपाकघरात मिळाला. अन्न कोणाला आधी, ताजे कोणाला, शिळे कोणाला, हा प्रश्न घरात रोज दोनदा सुटत असतो. आणि बहुतेक घरांत तो अन्यायानेच सुटतो. भूदानाच्या चळवळीत जमिनीच्या वाटपाचे जे झाले त्याचे मूल्यमापन निराळे. त्यात उणिवा पुष्कळ होत्या आणि समाजवाद्यांनी त्या वेळोवेळी दाखवूनही दिल्या. परंतु गागोद्याच्या घरातला फणस हा पहिला पाठ होता, एवढे मान्य करण्यास हरकत नाही.

अशा आठवणींत एक धोकाही असतो. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली 'श्यामची आई' महाराष्ट्राच्या घराघरांत वाचली गेली, आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने ती निरक्षरांपर्यंतही पोचवली. तिने दोन पिढ्यांना माणुसकी शिकवली, याबद्दल शंका नाही. परंतु त्या पुस्तकाचे अश्रू पुसून झाल्यावर वाचकाने पुष्कळदा एकच निष्कर्ष काढला, की आई ही झिजण्यासाठीच असते. साने गुरुजींना हे अभिप्रेत नव्हते. पंढरपूरच्या मंदिरासाठी १९४७ साली प्राण पणाला लावणारा माणूस घरातील विषमतेला पवित्र मानील, हे संभवत नाही. तरीही आईच्या त्यागाचे गुणगान करीत तिच्या हातचे गरम जेवण जेवायचे आणि ताट तेथेच ठेवून उठायचे, ही सोय पुरुषांनी करून घेतली. पुरोगामी पुरुषांनी तर जास्तच, कारण त्यांना सभेला जायचे असते.

अर्थशास्त्रानेही या सोयीला हातभार लावला. पिगू या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली एक विसंगती दाखवून दिली होती: एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर देशाचे राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण तेच काम ती आता पगाराविना करू लागते. विद्यार्थी या उदाहरणावर हसतात आणि परीक्षेत दोन गुणांसाठी ते लिहून मोकळे होतात. पण ज्या देशात कोट्यवधी बायका पहाटे चारपासून राबतात, तेथे हा विनोद राहत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्या कामासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. पुरुष ९७ मिनिटे. हा फरकही अपुराच आहे, कारण असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच मुळी शेकडा २६ होते आणि स्त्रियांचे ८१. साऱ्या पुरुषांवर ती मिनिटे पसरली तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाकाठी पंचवीस येतात. पंचवीस मिनिटांत वालाच्या बिरड्याची सालेही निघत नाहीत.

आणि वाल हे या भागाचे पीक आहे. भात कापल्यावर शेतात उरलेल्या ओलाव्यावर वाल टाकायचा, त्याला वेगळे पाणी नको, आणि तो घरच्या जेवणातली वर्षभराची डाळ. कर्जतच्या बाजूला वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे काही गावांत उन्हाळी भात होते. कर्जतचे भात संशोधन केंद्र तर १९१९ पासूनचे, आणि 'कर्जत' नावाच्या वाणांचे आकडे शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. ज्याच्याकडे दोन-चार एकर खाचर आहे त्याच्या घरी तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, पावसाळ्यात कुळथाचे पिठले, सुकट, आणि पहिल्या पावसात ओढ्याला चढणारी वलगणीची मासळी असा स्वयंपाक होतो. शेवळाची भाजी खाजू नये म्हणून तिच्यात काकडाची फळे घालावी लागतात, हे ज्ञान पुस्तकात उशिरा आले. ठाकूर आणि कातकरी बायकांना ते कधीपासून ठाऊक होते. टाकळा कोवळा कधी खुडावा, भारंगी किती वेळा उकळून पाणी टाकावे, कोणता कंद दुष्काळात चालतो, हे सारे ज्ञान एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे तोंडी जाते. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले, कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली. दोन्ही पुस्तकांनी मध्यमवर्गीय सुनेला आधार दिला, हे त्यांचे मोठे काम. वाडीवरच्या चुलीचे पुस्तक मात्र लिहायचे राहिले, आणि जंगल जसे तुटते तसे ते न लिहिताच फाटत चालले आहे.

परंतु कातकऱ्याच्या घराविषयी बोलायचे तर आधी त्याला घर किती महिने असते, हे विचारले पाहिजे. भातकापणी संपली, दिवाळी झाली, की वाड्या रिकाम्या होऊ लागतात. वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम पावसाळ्यातच येऊन गेलेला असतो. श्रावण-भाद्रपदात घरात दाणा नसतो, आजारपण असते, लग्न ठरलेले असते. तेव्हा तो उचल देतो. ही उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाच्या मजुरीवरचे कर्ज. भट्टीवर गेल्यावर कुटुंबाला आठवड्याला खर्ची मिळते, मीठ-मिरची-तांदळापुरती; तीही हिशेबात मांडली जाते. मजुरी हजार विटांमागे. हंगाम संपला की पाडलेल्या विटांचे पैसे एका बाजूला, उचल आणि खर्ची दुसऱ्या बाजूला. वही मालकाची, अक्षर मालकाचे. वजाबाकीत बहुधा मजूरच वजा होतो, आणि राहिलेली बाकी पुढच्या वर्षीची उचल बनते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. कायद्याच्या व्याख्येत आगाऊ रकमेपोटी बांधलेले श्रम स्पष्टपणे येतात. पण तक्रार करायला जो जाणार त्याने वही वाचलेली असावी लागते.

भट्टीवरच्या चुलीचे अर्थशास्त्र वेगळे आहे. घरी असताना बाईला जंगलातली भाजी, नदीची मासळी, कोणाच्या शेतात राबून मिळालेले भात यांचा आधार असतो. त्या अन्नाला बाजारभाव नसतो. भट्टीवर तो आधार तुटतो आणि प्रत्येक घास कर्जाच्या खात्यावर चढतो. रेशनकार्ड गावच्या दुकानाशी बांधलेले असते. कार्ड देशात कोठेही चालावे, अशी सोय अलीकडच्या वर्षांत कागदावर झाली. परंतु ज्याचे बोट यंत्रावर उमटत नाही, चिखलात काम करून ज्याच्या बोटांच्या रेषाच झिजल्या, त्याला ती सोय कशी मिळावी? मध्यरात्र उलटल्यावर नवराबायको चिखलावर जातात. भोंग्यात, म्हणजे गवताच्या किंवा कच्च्या विटांच्या त्या ठेंगण्या खोपीत, सात-आठ वर्षांची मुलगी तान्ह्याला सांभाळते आणि उजाडता भात शिजत घालते. दहा वर्षांचा मुलगा वाळत घातलेल्या विटा उलटतो. त्याचे हात लहान असतात, म्हणून ओळीत फिरताना विटा मोडत नाहीत. ही गोष्ट मालक कौतुकाने सांगतात.

शाळेचे वर्ष जूनला सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते. कातकऱ्याच्या मुलाचे वर्ष जूनला सुरू होते आणि दिवाळीला संपते. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० च्या एप्रिलपासून अमलात आला. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात हमीकार्डे काढली गेली, ज्या गावी मूल जाईल तेथील शाळेने त्याला बसवून घ्यावे म्हणून. कल्पना चांगली; परंतु भट्टी गावापासून दूर, नदीकाठी असते, आणि तान्ह्याला सांभाळायची जबाबदारी कार्ड घेत नाही. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने भट्टीवरच भोंगाशाळा चालवल्या. त्यांनी प्रश्नाला योग्य ठिकाणी हात घातला, कारण शाळा मुलाकडे गेली.

निवासी आश्रमशाळांचा मार्गही आहे, आणि त्याने अनेक मुले शिकली. पण त्या मार्गाने घर आणि शाळा यांची फारकत कायमची होते. याच तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ताच राहिली. त्या रात्री आश्रमशाळेत असलेली मुले वाचली आणि त्यांतल्या काहींचे आईवडील गेले. या घटनेवर येथे अधिक बोलणे नको. येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी ती चढण त्या दिवसांत चढलेली आहे.

आता जरा बऱ्या स्थितीतील घराकडे वळावे. खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटी कामावर असलेला नवरा, शनिवार-रविवारी शेतघरांवर भांडी आणि स्वयंपाक करणारी बायको, दोन मुले, भाड्याची खोली. कर्जत-खालापुरात अशी घरे हजारोंनी झाली आहेत. पूर्वी ज्या जमिनीवर त्यांच्या वडिलांनी भात लावले, तेथे आता हिरवळ आहे, आणि मुंबईहून आलेल्या पाहुण्यांसाठी हीच बाई 'अस्सल गावरान' जेवण रांधते. चुलीवरची भाकरी तेथे चवीसाठी असते आणि तिला तिचे दाम मिळते. त्याच संध्याकाळी तिच्या स्वतःच्या मुलांनी काय खाल्ले असते? बहुधा पाच रुपयांचे एक-एक पाकीट.

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधील कामगारांच्या घरखर्चाचे तक्ते तपासून एक नियम मांडला. उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा कमी होतो. (समाजवादाशी संबंधित एंगल्स निराळे, विद्यार्थी नेहमी गल्लत करतात.) भारतात २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील अन्नाचा वाटा निम्म्याच्या खाली, सुमारे ४६ टक्क्यांवर आला. सरकारने या आकड्याचे स्वागत केले आणि नियमाप्रमाणे ते समजण्यासारखे आहे. पण त्या ४६ टक्क्यांच्या आत डोकावले पाहिजे. धान्यावरचा खर्च पाच टक्क्यांच्याही आत गेला. पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांवरचा मात्र ९.६२ टक्के झाला, म्हणजे अन्नातली सर्वांत मोठी बाब. त्याच कुटुंबाचा शिक्षणावरील सारा खर्च, फी, वह्या, पुस्तके, शिकवणी सर्व मिळून, ३.३ टक्के. ग्रामीण भारतातील माणशी मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये धरला, तर तयार खाण्यापिण्यावर महिन्याला ३६३ रुपये जातात आणि शिक्षणावर सव्वाशेच्या आसपास. पहिल्या आकड्यात चहाच्या टपरीवरचा चहा आणि खानावळीतले जेवणही धरलेले आहे, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. तरीही कोणत्याही वाडीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात पाहावे. दारात पाकिटांच्या माळा लोंबत असतात. गोष्टीचे पुस्तक एकही नसते.

यावर उपदेश करणे सोपे आहे, आणि म्हणूनच तो टाळावा. आईला आळस आला म्हणून मूल पाकीट खात नाही. ती दुसऱ्याच्या घरी रांधत असते म्हणून खाते. नाचणीची आंबील आंबवायला रात्र लागते, ढवळायला माणूस लागतो. पाकिटाला कात्रीही लागत नाही. भांडवलशाहीने गरीब घराला विकलेली वस्तू म्हणजे चव नव्हे, वेळ आहे. पाच रुपयांत तिने आईचा अर्धा तास विकत दिला आणि मुलाचे पोषण त्या व्यवहारात काढून घेतले. दोन मुलांची रोज दोन पाकिटे धरली तर महिन्याला तीनशे रुपये होतात. त्या पैशांत मुलांची चांगली चार-पाच पुस्तके येतात, हे खरे. पण पुस्तकाला पुन्हा वेळ लागतो, वाचून दाखवणारे माणूस लागते, आणि दिवा लागतो.

शाळेतल्या जेवणाचा विचार याच संदर्भात करावा. १९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे बंधनकारक केले आणि हा फरक फार मोठा ठरला. तांदूळ घरी गेला की तो घरातल्या सर्वांत शेवटी जेवणाऱ्यापर्यंत पोचत नाही. शाळेत शिजलेली खिचडी मुलीच्या पोटात जाते. शिवाय सारी मुले एका पंगतीत बसतात, आणि ती खिचडी कोणत्या जातीच्या बाईने केली हा प्रश्न जेथे विचारला गेला तेथे तो उघड्यावर तरी आला. परंतु ती बाई कोण आणि तिला काय मिळते? केंद्राने डिसेंबर २००९ मध्ये तिला दरमहा हजार रुपये ठरवले, तेही वर्षातले दहा महिने, आणि तिला मजुरी न म्हणता मानधन म्हटले. पुढली चौदा-पंधरा वर्षे केंद्राचा तो आकडा हलला नाही. राज्यांनी जमेल तशी भर घातली. शेकडो मुलांचे जेवण रांधणाऱ्या बाईला सरकारने कामगार मानले नाही, कारण स्वयंपाक हे बाईचे 'काम' नसून 'स्वभाव' आहे, असे सरकारलाही वाटते. पिगूच्या त्या गृहस्थासारखेच सरकारने तिच्याशी लग्न लावून घेतले म्हणावे.

चुलीचे राजकारण करता येते, हे महाराष्ट्रातल्या स्त्रियांनी १९७२ साली दाखवून दिले. दुष्काळाचे ते वर्ष. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी या निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया महागाई प्रतिकारासाठी एकत्र आल्या. समाजवादी आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर, ही गोष्ट त्यांच्या पुरुषांना फारशी जमलेली नव्हती. लाटणे आणि थाळी हातात घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल रास्त भावात मिळाले पाहिजे, ही मागणी. ज्या कधी सभेला आल्या नव्हत्या त्या मोर्चात आल्या, कारण विषय त्यांच्या हातातला होता. मात्र त्या मोर्चाहून घरी परतल्यावर त्यांतल्या बहुतेकींनी तेच लाटणे घेऊन पोळ्या लाटल्या आणि नवऱ्यांनी मोर्चा कसा झाला ते त्यांना विचारले. चळवळीने दुकानदाराला आणि मंत्र्याला जाब विचारला. घरातल्या वाटणीला विचारला नाही. मृणालताईंवर हा दोष ठेवणे अन्यायाचे होईल. तो दोष पक्षाचा.

पक्षाच्या शिबिरांकडेच पाहावे. व्याख्यानाला पुढच्या रांगा पुरुषांच्या. चहा येतो कोठून, भाजी चिरते कोण, हे मागच्या अंगणात. कार्यकर्ता रात्री अकराला घरी येतो, तेव्हा ताट झाकून ठेवलेले असते आणि मुले झोपलेली असतात. वीस वर्षे हे चालते आणि मग तो खंत करतो की मुलगा चळवळीत आला नाही. मुलाने चळवळ पाहिली ती वडिलांच्या रिकाम्या पाटाच्या रूपात. न्यायमूर्ती रानड्यांनी लग्न होताच पत्नीला शिकवायला बसवले, पण शिकण्याबद्दलची टोचणी घरातल्या बायकांची, आणि ती सोसली रमाबाईंनी. १९१० साली आलेल्या त्यांच्या आठवणींत हे सारे संयमाने लिहिलेले आहे. पुस्तक घरात आणणे पुरेसे नसते. ते वाचायला बसलेल्या बाईच्या वाट्याचे काम कोणीतरी उचलावे लागते.

मग खालापूर-कर्जतच्या शाखांनी करावे काय? या मातीत त्याचा एक नमुना आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना लोक भाई म्हणत, २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह पोलिसांच्या गोळीला बळी पडले. विजेचे मनोरे पाडणारे भाई म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. त्याआधीची वर्षे मात्र कमी सांगितली जातात. नाभिक समाजातल्या या वकिलाने गावोगाव शाळा काढण्यात आणि शेतकऱ्यांसाठी धान्याच्या पेढ्या उभ्या करण्यात ती घालवली होती. सावकाराच्या दाण्यावर जगणारे घर इंग्रजाविरुद्ध उभे राहत नाही, हे त्यांना कळले होते. आधी कणगी, आधी पाटी, मग मनोरा. श्रावणातली उचल ही आजही त्या रिकाम्या कणगीतूनच येते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रत्येक वाडीत दहा-बारा क्विंटल भात उसने देता येईल अशी पेढी असली, तर मुकादमाला रिकाम्या हाताने परतावे लागेल असे नव्हे. पण घासाघीस करायला कुटुंबाच्या अंगात बळ राहील.

पुस्तकांचे काम त्याहून स्वस्त आहे आणि म्हणून त्याला सबब नाही. पत्र्याच्या एका पेटीत चाळीस पुस्तके मावतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक, साने गुरुजींच्या गोष्टी, प्राण्यांची आणि झाडांची चित्रे असलेली पुस्तके. कातकरी मुलाची बोली पाठ्यपुस्तकातल्या मराठीपेक्षा निराळी आहे, म्हणून पहिले महिने वाचण्यापेक्षा ऐकण्याचे. मोठ्याने वाचून दाखवणारा तरुण कार्यकर्ता आठवड्यातून दोन संध्याकाळी वाडीवर गेला पाहिजे, आणि तो गेला की आपल्या आईच्या हाताखाली असलेली मोठी मुलगीही ओट्यावर येऊन बसेल अशी व्यवस्था झाली पाहिजे. नाहीतर ऐकायला सारे मुलगेच असतील. त्याच ओट्यावर वाडीतल्या म्हाताऱ्यांनी रानभाज्यांविषयी सांगावे आणि मुलांनी ते लिहून घ्यावे. वर्षभरात त्यातून एक वही झाली तरी ते या तालुक्यातले पहिले पाकशास्त्र ठरेल. आणि त्या मुलांपैकी एकाने जरी भट्टीमालकाची वही वाचून आईला मोठ्याने सांगितली, तर मुकादम पुढच्या श्रावणात जरा सांभाळून बोलेल.

दिवाळीनंतर ट्रक भरतात. मडकी, गोधड्या, कोंबड्या, कुत्रे आणि मुले एकाच ट्रकात जातात. पेटीही त्याच ट्रकात जावी. जूनमध्ये ती परत येईल तेव्हा काही पुस्तके फाटलेली असतील, काहींवर लाल मातीचे बोट उमटलेले असेल. त्यांचा हिशेब शाखेने मागू नये.

राहिला पुढच्या अभ्यासवर्गाचा प्रश्न. तो जानेवारीत घ्यावा आणि दोन्ही दिवसांचा स्वयंपाक पुरुष कार्यकर्त्यांकडे असावा, अशी सूचना आहे. स्त्री कार्यकर्त्यांनी त्या वेळी सभागृहात बसावे आणि मध्ये उठून मीठ किती घातले हे पाहायला जाऊ नये. त्या सुमारास नवा वाल यायचा असतो, तेव्हा घरोघरच्या जुन्या वालाचेच बिरडे करावे लागेल. वाल आदल्या रात्री भिजवून भागत नाही. तो दोन दिवस आधी भिजत घालावा लागतो, मग फडक्यात बांधून मोड आणावे लागतात आणि त्यानंतर एक-एक दाणा सोलावा लागतो. सत्तर माणसांसाठी किती जण किती तास लागतील, याचा अंदाज ज्यांना नसेल त्यांनी आज घरी गेल्यावर विचारून घ्यावा.